चौथ्या ओळीतलं वाक्य

रौदाच्या वहीत नऊशे चाळीस इंग्रजी शब्द होते. त्यातले नऊशे एकोणचाळीस पाळलेल्या कोंबड्यांसारखे होते. हाक मारली की अंगणात हजर. एक तेवढा झाडावर चढून बसला होता आणि काही केल्या खाली उतरत नव्हता.

वहीची रीत सी मुंजींनी, म्हणजे मुंजीसाहेबांनी, घालून दिलेली. सी मुंजी ट्युनिशियातल्या महदिया गावच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजीचे मास्तर होते. आता टायरच्या दुकानावरच्या खोलीत एकटे राहत आणि आठवड्यातून तीनदा रौदाला शिकवत. त्यांच्याकडे शब्दाला चार ओळी लागत. पहिलीत अर्थ. दुसरीत, तो शब्द कोण कुणाशी बोलतं. तिसरीत, केव्हा बोलू नये. आणि चौथीत, आज तू स्वतः, खऱ्याखुऱ्या माणसाशी, तो शब्द घालून बोललेलं वाक्य.

"चौथी ओळ रिकामी, म्हणजे शब्द उसना," ते म्हणत. "उसनं लुगडं किती दिवस नेसशील, पोरी?"

खरी माणसं आणायची कुठून? रौदानं ती महदियातच शोधली. मासळीबाजारात मासे कापणाऱ्या हमादीला तिनं इंग्रजीत विचारलं, मासा आजचा आहे का. हमादीनं सुरी थांबवली आणि म्हणाला, "लल्ला रौदा, तू इंग्रजीत विचारलंस म्हणून काही तो पुन्हा पोहायला लागणार नाही." शेजारीपाजारी हसले. रौदाही हसली, आणि घरी येऊन तिनं चौथी ओळ भरली.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट मात्र नव्हती. रौदा सरकारी इस्पितळात परिचारिका. अकरा वर्षं झाली, नेमणूक तात्पुरतीच. दर वर्षी उन्हाळ्यात नवं पत्र येई, आणि पत्र येईपर्यंत ती रोज घरी आल्यावर आधी टपाल बघे. आता आयर्लंडमधल्या एका इस्पितळानं तिला कायमची जागा देऊ केली होती. अट एकच, इंग्रजी संभाषणाची परीक्षा जूनअखेर पास व्हायची. रौदा दोनदा नापास झाली होती. तिसरी खेप वीस जूनला, ट्युनिसमध्ये. त्यानंतर ती जागा दुसऱ्या कुणाची.

नापास का झाली, ते कागदावर लिहून आलं होतं. शब्दसंपत्ती: उत्तम. उच्चार: चांगले. आणि खाली, दोन्ही वेळा जवळजवळ त्याच शब्दांत: काय घडलं आहे, हे उमेदवारानं सांगितलं नाही.

सी मुंजींनी तो कागद टेबलावर पसरला. "चल. मी मुलगा. माझा बाप तुझ्या वॉर्डात होता. तो मेलाय. सांग मला."

रौदानं खुर्ची पुढे ओढली. चेहरा मऊ केला आणि अस्खलित इंग्रजीत म्हणाली, "या, बसा. लांबून आलात ना? बरोबर कोण आहे?"

"एकटाच आहे. बाबा कसे आहेत?"

"भाऊ असेल ना तुम्हाला? त्यालाही बोलावून घ्या. पाणी आणू का?"

"पाणी नको. बाबा कसे आहेत?"

"बाबा…" रौदानं पदराशी खेळावं तसं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "बाबा जरा थकलेत. देव दयाळू आहे."

सी मुंजींनी टेबलावर थाप मारली. चहाचा पेला उडाला, त्यातले दोन बदाम बशीत पडले. "थकलेत! मेलेला माणूस थकतो?"

"अहो, एवढं सांगितल्यावर दगडालासुद्धा कळेल."

"महदियातल्या दगडाला कळेल! तिकडच्या माणसाला नाही कळणार. तो म्हणेल, थकलेत ना, मग झोपू द्या, मी उद्या येतो."

"पण असं कुणी तोंडावर सांगतं का, सी मुंजी? तुम्हाला तुमच्या वडिलांचं कसं कळलं?"

मास्तरांनी बशीतले बदाम परत पेल्यात टाकले. खाली दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. "मी सूसला शिकत होतो," ते म्हणाले. "काका आला. म्हणाला, चल घरी, तुझ्या आईनं मासे केलेत."

"मग?"

"मग काय. बसमध्ये बसलो, आणि खिडकीतून जैतुनाची झाडं मागं पळायला लागली, तेव्हा कळलं." त्यांचा आवाज ओला झाला, आणि ओला झाला म्हणूनच ते चिडले. "पण परीक्षेत बस नसते, रौदा! पाच मिनिटं असतात. आणि त्यांचा नियम आहे, 'वारले' चालत नाही, 'गेले' चालत नाही, 'देवाघरी' तर नाहीच नाही. 'मेले.' एका श्वासात. म्हण."

रौदानं तोंड उघडलं. शब्द गळ्यापर्यंत आला, तिथे त्याला माणसं दिसली, आणि लाजून परत फिरला.

घरी तर तो उंबऱ्याच्या आतही येऊ शकत नव्हता. रौदाची आई, लल्ला बेया, म्हणजे बेयाबाई, जुन्या वळणाची. तिच्या घरात कोळशाला कोळसा म्हणायचं नाही, 'पांढरं' म्हणायचं. विस्तवाला 'आरोग्य'. आंधळ्या शेजाऱ्याला 'डोळस बाबा'. वाईट गोष्टीचं नाव घेतलं की ती आपल्याला बोलावलं असं समजून दारात येऊन उभी राहते, असं तिचं म्हणणं. आणि एकदा आलेल्या पाहुण्याला परत कसं पाठवायचं?

रौदानं घरभर शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. खिडकीवर खिडकी, चाळणीवर चाळणी. आईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण लेकीचा चेहरा वाचता येई. एका सकाळी ती आरशावरच्या चिठ्ठीपाशी थांबली.

"हे काय लिहिलंयस?"

"शब्द आहे, आई."

"ते दिसतंय. कसला?"

रौदानं चिठ्ठीवर तळहात ठेवला.

"अस्सं," म्हणाली लल्ला बेया. तिनं चिठ्ठी उचकटली, शेगडीत घातली आणि वर मूठभर धूप टाकला. "माझ्या आरशात मी रोज तोंड बघते. तिथे असली पाहुणी नको."

"आई, त्या एका शब्दापायी मी दोनदा नापास झाले!"

"मग त्यांनाच दुसरा शब्द शोधायला सांग. एवढी मोठी भाषा, आणि एक बरा शब्द नाही त्यांच्याकडे? माणूस गेलं की काय म्हणतात ते?"

"म्हणतात, सॉरी."

"आणि परवा तो गोरा बाजारात माझ्या पायावर पाय देऊन गेला, तो काय म्हणाला होता?"

"सॉरी."

आईनं हात जोडून कपाळाला लावल्यासारखे केले. "पायालाही तेच आणि माणसालाही तेच. कंजूष गं बाई!" मग ती परातीशी बसली, कुसकुसचे दाणे वळायला ओल्या रव्यावर तळहात गोल गोल फिरवू लागली, आणि तिच्या आईकडून आलेलं ते जुनं गाणं ओठांतल्या ओठांत सुरू झालं:

*पाखरा रे, ये दाराशी, चोचीतलं एकदम सोडू नको,*
*वाऱ्याला सांग, वारा सांगेल, झोपलेलं मन मोडू नको.*

रौदाला रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं. मुठी वळून येतं, तसलं होतं. एका बाजूला टेबलावर थाप मारणारे मास्तर, दुसऱ्या बाजूला धूप घालणारी आई, आणि मध्ये तिची जीभ, दोघांनी दोन टोकांनी धरलेल्या ओल्या चादरीसारखी पिळवटलेली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी हॉटेलातून एक म्हातारा इंग्रज इस्पितळात आणला. समुद्रातून बाहेर येऊन वाळूवर बसला आणि तसाच आडवा झाला. डॉक्टर शफीकनी चाळीस मिनिटं छाती दाबली. मग हात सोडले, घड्याळात पाहिलं आणि कपाळ पुसत फ्रेंचमध्ये म्हणाले, "बाहेर बायको बसलीय. रौदा, तुझं इंग्रजी आहे ना? जा, सांग तिला."

बाईंचं नाव डोरीन. सत्तरीच्या. अंगावर फुलाफुलांचा झगा, मांडीवर नवऱ्याच्या सपाता, वाळू लागलेल्या. रौदा त्यांच्याशेजारी बाकावर बसली. तिनं हातात हात घेतला. इंग्रजी शब्द असे रांगेनं आले की तिलाच नवल वाटलं.

"बरोबर कोणी आहे तुमच्या?"

"नाही हो. आम्ही दोघंच."

"मुलगा? मुलगी?"

"मुलगा आहे, लीड्सला. आत माझे केनेथ कसे आहेत?"

रौदानं पाणी आणलं, त्यात संत्र्याच्या फुलांच्या अर्काचे थेंब टाकले. ओल्या बोटांनी बाईंच्या कानशिलांना लावलं. "आम्ही सगळं केलं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी काही बाकी ठेवलं नाही. मुलाला फोन करा. त्याला यायला सांगा. तुमचे पती फार थकलेत. आता विश्रांती घेऊ देत त्यांना. देव दयाळू आहे."

डोरीनबाईंनी डोळे मिटले. रौदाचा हात घट्ट दाबला. बराच वेळ दाबून धरला. महदियातली कोणीही बाई या दाबण्यावरून समजली असती की निरोप पोचला. रौदाही तेच समजली. तिला वाटलं, झालं. एकदाचं झालं.

"आभारी आहे तुमची," डोरीनबाई उठल्या. "मी जरा हॉटेलवर जाऊन येते."

रौदानं मान हलवली. समजलेली बाई आधी जरा बाजूला जाते, फोन करते, एकटी रडून घेते. तिला अडवू नये. टॅक्सीचं दार तिनंच उघडून दिलं.

पाऊण तासानं टॅक्सी परत आली. डोरीनबाईंच्या हातात पिशवी होती. केस विंचरलेले, ओठांना लाली. त्यांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून बाकावर ठेवली: घडी घातलेला पायजमा, चष्म्याचं घर, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. "चष्म्यावाचून फार चिडतात ते," त्या म्हणाल्या. "जागे झाले का?"

रौदाच्या अंगणात नऊशे एकोणचाळीस शब्द एकदम धावत आले, फडफडले, एकमेकांच्या पायात अडकले. एकाचाही उपयोग नव्हता.

"बसा," ती म्हणाली.

"अहो, आत्ताच तर टॅक्सीत बसून आले."

"बसा, डोरीन. तुमचे पती मेले. तुम्ही हॉटेलवर जाण्याआधीच. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

बाईंनी आधी पायजम्याकडे पाहिलं. मग रौदाकडे. "पण तुम्ही म्हणालात, थकलेत."

"हो."

"तुम्ही म्हणालात, विश्रांती."

"हो. मीच म्हणाले."

डोरीनबाई किंचाळल्या नाहीत. रौदा वाट पाहत होती की त्या किंचाळतील, ओरडतील, तिच्या छातीवर मुठी मारतील. त्याला काय करायचं ते तिला माहीत होतं. त्यांनी फक्त हाताची मागची बाजू ओठांवर फिरवली, एकदा, दोनदा, गालापर्यंत लाल रेघ ओढली गेली. "मी लिपस्टिक लावून आले," त्या म्हणाल्या. "त्यांना बघून बरं वाटावं म्हणून."

सी मुंजींना तिनं हे सगळं सांगितलं. मग हळूच त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली, पेन वर ठेवलं. "लिही. चौथी ओळ."

"नाही."

"अगं, वाक्य मिळालं तुला. खऱ्या माणसाशी बोललीस."

"ते वाक्य माझं नाही. त्या बाईचं आहे." रौदानं वही अशी ढकलली की ती टेबलावरून खाली पडली. "पहिल्यांदा बोलले ते गोड, आणि निघालं खोटं. दुसऱ्यांदा बोलले ते खरं, आणि निघालं कसायाच्या सुरीसारखं. माया आणि खरं एकाच वाक्यात कसं बसवायचं, त्याची एखादी ओळ आहे का तुमच्या वहीत? पाचवी ओळ? तीस वर्षं शिकवलंत ना?"

सी मुंजी वाकले, वही उचलली, तिची धूळ झटकली. "नाही," ते म्हणाले. "पाचवी मलाही कुणी शिकवली नाही."

दोघं चिडून बसून राहिले. कोण कुणावर चिडलंय, हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं.

वीस जूनला पहाटेच्या भाड्याच्या गाडीनं रौदा ट्युनिसला गेली. चौकोनी खोली, घड्याळ, समोर एक तरुण परीक्षक बाई. टेबलावर प्रसंगाचं कार्ड उलटं ठेवलेलं. रौदानं ते सरळ केलं. त्यावर लिहिलं होतं: भाऊ शस्त्रक्रियेत दगावला आहे, बहीण बाहेर आहे, तिला सांगा. परीक्षक बाईंनी बहिणीचा चेहरा केला.

"बसा," रौदा म्हणाली. "वाईट बातमी आहे. तुमचे भाऊ मेले. शस्त्रक्रिया चालू असताना हृदय थांबलं. ते आम्हाला पुन्हा चालू करता आलं नाही."

अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं. परीक्षक बाईंनी ठरलेले दोन प्रश्न विचारले. रौदानं दोन सरळ उत्तरं दिली. मग काही उरलं नाही. घड्याळाचा काटा चालत होता. खोटी बहीण खाली मान घालून बसली होती, खोटंच, पण तशीच. रौदानं आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून तिच्याशेजारी नेली आणि बसली. काही बोलली नाही. घंटा वाजेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.

"किती वेळ गप्प?" सी मुंजी फोनवर ओरडले.

"तीन मिनिटं असतील. जास्तच."

"अगं बाई, ती बोलायची परीक्षा आहे! उपासाची नाही!"

"मग काय बोलायचं होतं? हवा-पाण्याबद्दल?" रौदानं फोन ठेवून दिला. परतीच्या गाडीत तिच्या मांडीवर कुणाचं तरी कलिंगड होतं. महदिया येईपर्यंत ते तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवलं, आणि मनात एकच घोळवत राहिली: आता संपलं.

निकाल अठ्ठावीसला आला. पास. एका गुणानं. ओघ: कमी. माहिती देणे: उत्तम.

तिनं तीनदा वाचलं. 'उत्तम' या शब्दापाशी दर वेळी तिला ती लाल रेघ दिसली. तोवर आईनं शेजारच्या जमीलाला हाक मारली होती, आणि दोघींनी दारात उभं राहून आनंदाची अशी काही किलकारी घातली की गल्लीतली मांजरं भिंतीवर चढली. जमीला लल्ला बेयाच्या धाकट्या बहिणीसारखी. भिंतीला भिंत लागून घर, आणि दिवसातून दहादा ये-जा. रौदा गेल्यावर आईकडे बघणार होती ती तीच.

दुपारी आई परातीशी बसली. रौदा समोर बसली.

"आई, मी तिकडे गेले की तुला काही झालं तर मला फोनवर सरळ सांगायचं."

"सरळ म्हणजे?"

"म्हणजे जे असेल ते."

"मला काय धाड भरलीय! आणि व्हायचं ते झालं तर मी कशी सांगणार, तिथून? जमीला सांगेल."

"मग जमीलाला बजावून ठेव. 'आई जरा थकलीय' असं म्हणायचं नाही."

"आणि मी खरंच थकले, तर?"

रौदाला दिसलं: परक्या गावातला वॉर्ड, खिशात थरथरणारा फोन, पलीकडून जमीला, आई जरा थकलीय. आता हे गुडघ्यांचं थकणं, की ते दुसरं? दर वेळी विमानतळाकडे धावायचं का? की दर वेळी म्हणायचं, थकलीय ना, झोपू दे?

"थकलीस तर म्हणायचं, गुडघे दुखतायत."

"ते रोजच दुखतात. रोज फोन करू?"

"हो! रोज कर!" रौदा ओरडली. आईनं रव्यातला हात थांबवला. "आई, मी एका बाईला टॅक्सीत बसवून दिलं गं. ती नटून परत आली. मला तसं परत यायचं नाही. मला नटून यायचं नाही, आई."

परातीच्या कडेला लागलेला रवा लल्ला बेयानं बोटानं निपटून आत घेतला.

"सरळ सांगायचं ते परक्यांना," ती शेवटी म्हणाली. "पोटच्या पोरीला कुणी असं सांगत नाही. माझ्या घरात आपल्या भाषेतला तो शब्द कुणाच्या तोंडी घालायचा नाही, कळलं? पण त्यांचा तो आहे ना, चिठ्ठीवरचा. तो शिकव जमीलाला. तो मला कळत नाही, म्हणून लागतही नाही." मग घाईनं, "इथे नको. अंगणात ने तिला."

जमीला अंगणात आली, हात पिठाचे, गालावर अजून सकाळचं हसू. काय करायचं ते ऐकून हसू उतरलं. तिनं तीनदा खांद्यावरून थुंकल्यासारखं केलं. "लल्ला बेयाला शंभर वर्षं आयुष्य! हे माझ्याकडून नको करवूस, रौदा."

"एकच शब्द आहे. माझ्यामागून म्हण."

जमीलानं ओठ जुळवले. अर्धा शब्द बाहेर आला, अर्धा तिनं गिळला.

"पुरा म्हण."

"जीभ वळत नाही गं."

"वळते! मी नऊशे शब्द वळवलेत. वळते!" रौदाची थाप अंगणातल्या दगडी कट्ट्यावर पडली, तळहात झणझणला. जमीलाचे डोळे भरून आले होते, तरी तिनं पुन्हा ओठ जुळवले.

आत स्वयंपाकघरात आईनं नळ पुरता सोडला. पाणी रिकाम्या घंगाळात धो धो कोसळू लागलं.

"पुन्हा," रौदा म्हणाली. "पुन्हा म्हण, जमीला. मोठ्यानं."